भरल्या गाडीची ढील

साहेब, तुम्ही गाडीखाली न जाता गाडी पास केलीत, आणि तीच गाडी आडवी झाल्यावर माणसाला नापास केलंत. हे मी तुम्हाला उरण नाक्यावर चारचौघांत तोंडावर बोललो आहे. तेव्हा मिस्त्री माझ्या मागे बोलतो, अशी तक्रार करायची सोय तुम्हाला ठेवलेली नाही.

तुमचं काम मोटारी तपासायचं, माझं त्या दुरुस्त करायचं. तुमच्याकडे शिक्का आहे, माझ्याकडे पाने आहेत. शाळा म्हणाल तर मी चौथीतून उठलो. पुढचं शिक्षण लढाईच्या सालांत लष्कराच्या डेपोत झालं, तीन वर्षं उताणं पडून. मोटार वरून कशी दिसते हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तुम्हाला ती खालून कशी दिसते हे अजून कळलेलं नाही. नोकरी तुमची पक्की आहे, त्यामुळे कळायची घाईही नाही.

आता तुम्हाला आठवत नसेल म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला आठवत नाही असं तुम्ही नेहमी म्हणता.

गाडी कमळाकरशेठची. लढाई संपल्यावर लष्करी लिलावात घेतलेली, नाकाड पुढे काढलेली, मूळच्या हिरव्या रंगावर शेठनं निळा फासलेला. अकरा वर्षं तिनं एकच काम केलं. गव्हाण-उरणच्या बाजूच्या मिठागरांतून मीठ उचलायचं आणि पनवेलला आणून टाकायचं. मीठ लोखंडाचं काय करतं हे पनवेलात शेंबड्या पोराला विचारलंत तरी सांगेल. तुम्ही विचारलं नाहीत.

गाडीवर ड्रायव्हर बुधाजी. गव्हाणचा, आगरी, आडव्या हाडाचा, बोलायला कमी. त्याचा बाप खाडीतून मचव्यानं पनवेल बंदरात मीठ आणायचा. पुढं रस्ता झाला, मचवा चिखलात बसला आणि पोरगा मोटारीवर चढला. पण चढला तो मचव्यातूनच चढला. स्टेरिंगला तो सुकाणू म्हणायचा. गाडीच्या तोंडाला नाळ म्हणायचा. पुढच्या चाकात दगड अडकला तर "नालेखाली कायतरी आयलंय" असं सांगत यायचा आणि माझ्या कारखान्यात बसलेली रिकामटेकडी माणसं हसून लोळायची. कारखाना म्हणजे उरण नाक्यावरची चिंच आणि तिच्याखालचा खड्डा.

तो श्रावणात माझ्याकडे आला.

"काळूदादा, गारी डुलते."

"डुलते म्हणजे?"

"सुकानू सरल धरलंय, तरी ती आपली एका अंगाला जाते. मंग वडली का दुसऱ्या अंगाला. भरतीच्या पान्यात मचवा जातो ना, तशी."

जुन्या गाडीचं हे दुखणं नवं नाही. मी पुढची चाकं जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, ते खडखडलं. ज्या खिळीवर चाक वळतं ती किंगपिन झिजलेली होती. नवी टाकली. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याची टोकं ढिली होती, तीही बदलली. चक्राची फिरकी दांड्यांपर्यंत पोचवणाऱ्या स्टेरिंगच्या डब्याचे चारी बोल्ट पान्यानं ताणून बघितले, घट्ट होते. गाडी नाक्यापासून पळस्पे फाट्यापर्यंत नेऊन आणली. सुतात चालली.

आठ दिवसांनी बुधाजी परत हजर.

"अजून डुलते."

"मी स्वतः चालवून बघितली की!"

"तू मोकली चालवलीस. मोकली गुनाची हाय. भरली का वांड व्हते."

साहेब, आख्खा रोग त्यानं ह्या तीन वाक्यांत सांगितला होता. वैद्याला मेहनत पडू न देता रोग्यानंच निदान आणून हातात ठेवलं होतं. आणि मी काय केलं? मी हसलो. "तुझ्या हातालाच डुलायची सवय आहे, सुकाणूवाल्या," असं म्हणालो. बाकीचेही हसले. बुधाजी मान खाली घालून गाडी घेऊन गेला. त्यानंतर आणखी दोनदा आला, दोन्ही वेळा मी डब्याचा स्क्रू थोडा आवळून दिला. म्हणजे मी तुमच्याइतकाच गाढव होतो. फरक एवढाच की माझ्या गाढवपणावर सरकारी शिक्का बसत नाही.

आश्विनात तुम्ही आलात. गाडीचा वर्षाचा दाखला द्यायचा होता. कमळाकरशेठच्या ओट्यावर तुम्ही पोहे खाल्लेत, त्यावर खोबरं जास्त मागून घेतलंत, मग रुमाल हातात धरून गाडीभोवती एक फेरी मारलीत. देवळाला मारतात तशी. मागच्या चाकापाशी जरासे वाकलात आणि म्हणालात, "वा! चासी काय ठेवली आहे. काळीभोर. कालच कारखान्यातून निघाल्यासारखी."

चासी म्हणजे गाडीचा कणा. इंजिन, स्टेरिंगचा डबा, स्प्रिंगचे पाटे, सगळं तिच्यावर टांगलेलं. ती काळीभोर का होती ते तुम्ही विचारलं नाहीत, कारण पोह्यावर चहा यायचा होता. ती काळीभोर होती कारण बुधाजी दर वैशाखात पावसाळ्याआधी तिला डांबर फासायचा. मचव्याच्या बुडाला बाप फासायचा तसं, त्याच डब्यातलं, त्याच काथ्याच्या कुंच्यानं. अकरा वर्षांत अकरा हात. शेठला वाटायचं काय इमानी ड्रायव्हर आहे. मलाही वाटायचं. तुम्हाला तर एवढं वाटलं की तुम्ही तिथंच सही केलीत.

मार्गशीर्षात एका सकाळी गव्हाणच्या पुढं, जिथं रस्ता चढ घेत बांधावरून जातो आणि दोन्ही अंगांना मिठागरं आहेत, तिथं समोरून बैलगाडी आली. बुधाजीची गाडी गोण्यांनी भरलेली. त्यानं वाट द्यायला जरासं डावीकडे घेतलं. बैलगाडी गेली. त्यानं सुकाणू उजवीकडे फिरवलं. सुकाणू फिरलं. गाडी फिरली नाही. ती गेली ती सरळ बांधावरून उतरून खाली मिठाच्या कोंडीत आडवी झाली. माणूस मेलं नाही. बैलांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. मीठ जिथून निघालं होतं तिथं परत गेलं.

गाडी वर काढली, रिकामी केली आणि ओढत माझ्या चिंचेखाली आणली. मी चेपलेला पत्रा ठोकून सरळ केला, फुटलेला दिवा बदलला. तिसऱ्या दिवशी तुम्ही चौकशीला आलात. आता ती चौकशी तुम्हालाच सांगतो.

"कोण चालवत होतं?"

"मी, साहेब."

"इकडे ये. तोंड उघड. हा कसला वास?"

"सुकटीचा, साहेब. सकालचा."

"सुकटीच्या आधी काय घेतलं होतंस?"

"भाकर."

माणसं हसली. तुम्ही हसला नाहीत, कारण दारूबंदीच्या राज्यात वास सापडला असता तर तुमचं काम तिथंच संपलं असतं आणि तुम्ही पुढची गाडी पकडली असतीत. मग तुम्ही गाडीत चढलात. गादीवर रुमाल अंथरलात. स्टेरिंग दोन बोटांत धरून इकडून तिकडे हलवलंत, विडीची राख झाडतात तेवढ्या जोरानं.

"दोन बोटं ढील आहे. जुन्या गाडीला एवढी चालायचीच."

बुधाजी जन्मात पहिल्यांदा साहेबाला आपण होऊन बोलला. "साहेब, गारी भरून बगा ना. मोकली नाय डुलत."

त्यावर तुम्ही काय म्हणालात ते नाक्यावर अजून लोक एकमेकांना सांगतात. "मीठ तपासायला सरकारनं मीठखातं ठेवलं आहे. मी गाडी तपासतो."

सगळ्यांत मोठ्यानं कमळाकरशेठ हसले. तुम्ही बॉनेटवर कागद ठेवून लिहिलंत: स्टेरिंग निर्दोष, चालकाचा बेजबाबदारपणा, भरधाव. बुधाजीनं खिशातून लायसन काढून दिलं. ते त्यानं मेणकापडात गुंडाळून ठेवलेलं असायचं, घामानं भिजू नये म्हणून. मेणकापडासकट तुम्ही घेऊन गेलात.

चार दिवस बुधाजी घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी त्याची बायको ठमाबाई चिंचेखाली येऊन उभी राहिली. ही बाई मिठागरावर डोक्यावरून मीठ वाहते. तिची मान माझ्या जॅकपेक्षा भरवशाची आहे. तिनं पदर कमरेला खोचला तेव्हाच रिकामटेकडे उठून पलीकडे गेले.

"काळूदादा, गारी बरी हाय असा तूच बोललास ना?"

"बघितली होती गं मी."

"कशी बगितलीस?"

"चाक उचललं, दांडे हलवले, चालवली..."

"मोकली."

"हो, मोकळी."

"आनि त्या साहेबानं?"

"त्यानंही मोकळी."

"मंग मना सांग, मोकली टोपली डोक्यावं घेऊन माजी मान दुखल का? सांजच्याला भरल्या टोपलीखाली दुखते. तू मना मोकल्या डोक्यानं उभी करून बगशील आनि बोलशील, ठमा, तुजी मान तं बरी हाय, तू खोटारडी! असा वैद मिलाला तं मी त्याच्या डोक्यावं टोपली घालीन."

साहेब, डेपो सोडल्यापासून मी बारा वर्षं मोटारी दुरुस्त करतो. तेवढ्या वर्षांत माझी अशी हजामत कोणी केली नव्हती. मी पाना खाली ठेवला.

"बुधाजीला घेऊन ये," म्हटलं. "आणि बंदरावरचे हमालही आण."

दुपारी गाडी होती तिथंच भरली. ओल्या मिठाच्या गोण्या, नेहमीच्या भाराइतक्या. पाटे बसले, गाडी खाली दबली. मी बुधाजीला म्हटलं, "वर बस आणि स्टेरिंग हलव. मी खालून बघतो."

तो दोन पावलं मागे सरला. "मी नाय हात लावनार."

"अरे, गाडी उभी आहे. चाकाखाली दगड आहेत."

"लायसन नाय माज्याकरं. उद्या कोन बोलला तं?"

उभ्या गाडीचं चक्र धरायला घाबरणारा हा माणूस तुमच्या कागदावर बेजबाबदार आहे. वाचून बघा पुन्हा.

शेवटी ठमाबाईच चढली. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीच्या गादीवर बसली, तीही ड्रायव्हरच्या. चक्र दोन्ही हातांनी पकडून खाली वाकून ओरडली, "याच्यासाटी एवरा मान? वल्हं मारताना तं घाम येतो. हे नुस्तं हलवायचं?"

"हलव! डावीकडे, उजवीकडे. थांबू नको!"

"हलवते! तू नीट बग! झोपू नको खाली!"

मी उताणा गाडीखाली शिरलो. ढील शोधायची एकच रीत आहे, आणि ती कुठल्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही. वरून कोणी चक्र हलवायचं, खालच्यानं एकेका सांध्यावर हात ठेवायचा. आधीच्या सांध्यापर्यंत हालचाल पोचते आणि पुढच्याला पोचत नाही, तिथं रोग. चाकाजवळून सुरुवात केली. किंगपिन, ठीक. आडवा दांडा, ठीक. लांब दांड्याची दोन्ही टोकं, ठीक. सांधे सगळे निरोगी, आणि वर ठमाबाई चक्र वीतभर फिरवत होती तरी चाक जागचं हलत नव्हतं. वीतभर, साहेब. तुमच्या दोन बोटांची वीत झाली होती, आणि ती झाली होती फक्त वर मीठ ठेवल्यानं.

मी डब्यावर हात ठेवला. डबाच हलत होता. नंदीबैल मान हलवतो तसा, होय-होय, होय-होय. बोल्ट मात्र घट्ट. म्हणजे डबा चासीवर पक्का आणि चासीच हलतेय. लोखंडाचा एवढा जाड कणा बाईच्या हातानं कसा हलेल?

पोलादी पट्टी घेतली आणि डांबर खरवडायला लागलो. डांबर नव्हतंच ते, अकरा वर्षांची साल होती. बोटाएवढा थर निघाला, त्याखाली मीठ आणि चिखलाची पांढरट राड, आणि त्याखाली लोखंडाचे पापुद्रे, करंजीसारखे सुटणारे. पुसून घेतलं. रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्यानं टिपलं आणि वर कोरड्या चुन्याची भुकटी मारली. मग थांबलो. लोखंडाला भेग असेल तर तिनं प्यालेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ काढतं.

रेघ आली. डब्याच्या जरा मागून, चासीच्या खालच्या काठापासून सुरू झाली आणि वर वीतभर चढली. कोणी पेन्सिलनं ओढावी तशी. भार नसला की भेगेचे ओठ मिटायचे, वर मीठ आलं की उघडायचे. उघडले की डबा भेगेवर झुलायचा आणि बुधाजीनं फिरवलेलं चक्र चाकापर्यंत पोचायच्या आधी त्या भेगेतच संपायचं.

मी बुधाजीला खाली ओढला. त्याच्या हातात एक खिळा दिला. "घाल इथं."

खिळा आत गेला. त्यानं तो बाहेर काढला आणि पुन्हा घालून बघितला.

"काळूदादा, हे डांबराखाली कवापासनं?"

मी डांबराचा एक सुटा तुकडा त्याच्या हातात ठेवला.

"बापूस मचव्याला लावायचा," तो म्हणाला. "कदी बूड सरला नाय मचव्याचा."

"लाकूड डांबर पितं रे. लोखंड नाही पीत. तू आतलं मीठ धुतलं नाहीस, वरून झाकण लावलंस. मीठ आत कोंडून बसलं आणि खात राहिलं."

"म्हंजे मीच केला."

इथं मी त्याला काय सांगितलं ते तुम्हीही ऐका. मी म्हटलं, "तुला येत होतं तेवढं तू केलंस, बिनपगारी, उन्हात आडवा पडून. डांबर खरवडून खाली काय आहे ते बघायचं काम तुझं नव्हतं. ते एक माझं होतं. माझा हात ह्या जागेवरून तीनदा फिरला आणि मी बोल्ट आवळून उठलो. दुसरं ज्याचं होतं तो पोहे खात होता."

वरून ठमाबाई ओरडली, "गावला का कायतरी? का मी अशीच नाचवत बसू?"

"गावला!" बुधाजी ओरडला. त्या आठवड्यात त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

गुरुवारी तुमचा पनवेलचा वार. आम्ही गाडी भरलेलीच ठेवली. तुम्ही नाक्यावर उतरलात तसा मी आडवा आलो. बोललो ते वर पहिल्याच ओळीत सांगितलं आहे. गर्दी जमली म्हणून तुम्ही चिंचेखाली आलात, नाहीतर आला नसतात.

"आधी रिकामी करा," तुम्ही म्हणालात.

"रिकामी केली की भेग मिटते, साहेब."

"नियमात गाडी रिकामी तपासायची असते."

"कुठल्या नियमात? दाखवा."

"तू मला नियम विचारणार?"

"मग अपघात रिकाम्या गाडीचा झाला का, तेवढं तरी विचारतो."

तुम्ही तुमच्या पांढऱ्या विजारीकडे बघितलंत. मी तुमच्यासाठी कोरं गोणपाट अंथरलं. त्यावर आडवे व्हा म्हटलं, तुम्ही गुडघे टेकलेत. तेवढंही पुष्कळ, असं पाठीमागे कोणीतरी बोललं. ठमाबाई वर चढून बसलीच होती. तिनं चक्र फिरवलं. डब्यानं तुम्हाला मान हलवून दाखवली. मी खिळा घातला, तो आत गेला.

तुमच्या कानामागून घाम आला, साहेब. हवा गार होती.

"ही भेग अपघातात पडली," तुम्ही म्हणालात. "कोंडीत आडवी झाली ना गाडी. तेव्हा तडकली."

हे तुम्ही म्हणणार हे मला माहीत होतं, म्हणून भेगेचं वरचं टोक मी न खरवडता तसंच ठेवलं होतं. सुरीच्या टोकानं तिथून आतला काळा गोळा उकरला आणि तुमच्या हातावर ठेवला.

"हे काय आहे?"

"डांबर."

"कुठून निघालं?"

मग मीच बोललो. "भेगेच्या आतून निघालं. बुधाजी डांबर लावतो वैशाखात, गरम करून, पातळ. गाडी आडवी झाली मार्गशीर्षात. मध्ये सात महिने. भेग मार्गशीर्षात पडली असेल तर वैशाखातलं डांबर तिच्यात शिरलं कसं? आणि भेग वैशाखाच्या आधीची असेल, तर आश्विनात तुम्ही ओट्यावरून पास केलीत ती कुठली गाडी?"

तुम्ही तो गोळा बोटांनी चुरलात, वास घेतलात. तुम्हाला कळलं. न कळलेल्या माणसावर मी एवढे शब्द खर्च करत नाही. तुम्हाला पुरतं कळलं, तुमच्या चेहऱ्यावरून कळलं, आणि कळल्याबरोबर तुम्ही वर बघून कमळाकरशेठना शोधलंत.

दोघं शेठच्या ओट्यावर गेलात. आम्ही चिंचेखाली थांबलो. बुधाजीनं अंगरख्याच्या गुंड्या लावल्या. लायसन परत घेताना नीट दिसावं म्हणून.

अर्ध्या तासानं तुम्ही कागद घेऊन आलात आणि वाचून दाखवलात. चासीला भेग आढळल्याने सदर गाडी आजच्या तारखेपासून रस्त्यावर आणण्यास अपात्र. आजच्या तारखेपासून! म्हणजे बुधवारपर्यंत गाडी धडधाकट होती. गुरुवारी अकरा वाजता, तुम्ही गोणपाटावर गुडघे टेकलेत तेव्हा, तिचा कणा मोडला. अकरा वर्षांचा गंज जन्माला आला, आणि सात महिन्यांचं डांबर धावत येऊन आत बसलं. ह्यात शेठ सुटले, कारण मोडकी गाडी रस्त्यावर सोडली असं त्यांना कोणी म्हणणार नाही. तुम्ही सुटलात, कारण मोडकी गाडी पास केली असं तुम्हाला कोणी म्हणणार नाही. एका तारखेनं दोन माणसं तारली. हुशारी आहे. एवढी हुशारी गाडीखाली नेली असतीत तर हे सगळं आश्विनातच मिटलं असतं.

बुधाजी पुढे आला. "साहेब, माजं लायसन?"

"तुझा ह्याच्याशी संबंध नाही. अपघाताच्या दिवशी गाडी निर्दोष होती, तसा अहवाल गेला आहे."

"मंग माजा दोस काय?"

"भरधाव हाकलीस."

"त्या चडावावर? भरली गारी? ती तं चालत्या मानसाच्या मागं ऱ्हाते, साहेब."

"मागे सर."

तो मागे सरला. ठमाबाई नाही सरली. ती गाडीच्या खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि तुम्हाला म्हणाली, "साहेब, मोकल्या गारीला पास करतंस, मोकल्या मानसाला नापास करतंस. तुजं डोकं भरलेलं कदी असतं ते सांग, तवा येतू." लोक हसले. तुम्ही स्टँडकडे चालायला लागलात. तुमची विजार स्वच्छ होती.

ह्याला आता दोन महिने झाले. गाडी माझ्याकडेच आहे. मी तिची चासी त्या जागी कापली, नवी पट्टी रिबिटं मारून बसवली, डांबर पार उकरून काढलं आणि गोड्या पाण्यानं तीनदा धुतली. गोण्या भरून चालवून बघितली. गव्हाणच्या बांधावरून एका हातानं आली. येत्या महिन्यात तुम्ही तिला पास कराल, शेठ पोहे करतील, आणि तिच्यावर अलिबागकडचा नवा ड्रायव्हर बसेल. त्याला शेठनं सांगून ठेवलं आहे की आधीचा दारुडा होता.

बुधाजी मिठागरावर जातो. उपसलेलं मीठ बांधावर टाकायचं काम त्याला मिळतं, तेही बायकांच्या ओळीत, कारण पुरुषांच्या ओळी भरलेल्या आहेत. गाडी रस्त्यानं गेली की तो पाठ फिरवतो. दोनदा अलिबागला चालत आणि लाँचनं जाऊन आला. तिथं जिल्ह्याच्या कचेरीत म्हणतात, तपासलं त्या साहेबांना विचारा. तुम्हाला विचारलं की तुम्ही म्हणता, अहवाल अलिबागला आहे.

चासीचा कापलेला तुकडा मी ठेवला आहे, भेगेसकट, भेगेतल्या डांबरासकट. तुमच्यासाठी तो उचलून आणायलाही मी तयार आहे, म्हणजे तुम्हाला गुडघेसुद्धा टेकावे लागणार नाहीत. तेव्हा अलिबागचं नाव सांगू नका, नियम सांगू नका. ज्या सकाळी बुधाजीची गाडी बांधावरून खाली गेली त्या सकाळी ती निर्दोष होती का? होती म्हणत असाल तर ह्या लोखंडात डांबर कधी शिरलं ते तारीख घालून लिहून द्या. नव्हती म्हणत असाल तर त्याचं लायसन त्याच्या हातात आणून द्या. दोनातलं एक. येत्या गुरुवारी मी नाक्यावर उभा आहे, बुधाजीला घेऊन. उत्तर द्या.